कुंकवात भिजवलेले वाल

सरिताताईंचा उभा जन्म लोकांच्या खोट्या उत्तरांवर गेला होता. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला: अडचणीचं काही विचारलं की माणूस खोटं बोलतो, तर मग त्याला न दुखवता खरं बोलतं कसं करायचं? यावर त्यांनी पीएच.डी. केली, यावर परदेशात भाषणं दिली, आणि यावरच एक जाड पुस्तक लिहिलं. ते पुस्तक विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि दुसरी प्रत त्यांच्या भाच्याच्या, म्हणजे आदेशच्या, टीव्हीखाली आहे, कारण टीव्ही एका अंगाला कलत होता.

आणि आता निवृत्ती तोंडावर आली असताना, मे महिन्यातल्या एका रविवारी, सिद्धगडाच्या पायथ्याशी आपल्या वडिलोपार्जित घराच्या पडवीत बसून त्या पुन्हा तेच ऐकत होत्या. फरक एवढाच की या वेळी प्रश्न त्यांचा स्वतःचा होता.

"विचारायचं काय त्यात, ताई? घर तुझंच हाय," ज्ञानेश्वर म्हणाला. हा त्यांचा धाकटा भाऊ. शेती आणि घर दोन्ही त्याच्या अंगावर, आणि मटक्याचा नाद सोडल्यापासून दोन्ही ठीक चाललेलं. "क्वार्टर सोडलीस की सामान टेम्पोत टाक अन् सरळ हिकडं ये."

"सरळ कशाला? शहापूरवरनं ये," कोंडूमामा म्हणाले. "तानशाकडं माझं घर रिकामं हाय. शाळेला असताना कोणाकडं राहिली ती? माझ्याकडं. पोरीच्या पायाला चटके बसायचे, म्हणून मी माझ्या चपला दिल्या तिला."

"मामा, त्या मला केवढ्या मोठ्या होत्या."

"दिल्या तर होत्या ना?"

आईचा हा भाऊ दोन एसट्या बदलून, मांडीवर करवंदांची परडी सांभाळत आला होता तो याच कामासाठी. मामी गेल्यापासून त्यांना संध्याकाळी जेवताना समोर माणूस लागत होतं. हे ते कोणाला सांगत नव्हते, पण मुक्कामाला गेलं की ताट वाढून घेऊन ते पाहुण्याच्या समोरच येऊन बसत.

"मामा बोलतात त्यात चूक काय नाय," ज्ञानेश्वरची बायको अनिता म्हणाली. "त्यांच्याकडं मोकळं घर हाय, पाणी हाय, शहापूरला डॉक्टर हायेत. ताईंची सोय बघितली पायजे." मग सगळे आपल्याकडे बघतायत असं लक्षात आल्यावर तिनं पदर सावरला. "तसं आमच्या मनात दुसरं काय नाय. घर तुमचंच हाय, ताई." एवढं बोलून ती दूध उतू जातंय का ते बघायला आत गेली. चुलीवर दूध नव्हतं.

पडवीच्या कोपऱ्यात खाटेवर बसलेल्या हौसाकाकूंनी डोळ्याला पदर लावला. या थोरल्या चुलत्यांच्या पत्नी, घरातलं सगळ्यात जुनं माणूस. "तुला शिकायला पाठवू नका असं तुझा चुलता बोलला होता, सरे. मी नव्हते बोलले. मी तर बोलले होते, जाऊ द्या पोरीला."

हे सरिताताईंनी आज तिसऱ्यांदा ऐकलं. त्यांच्या शिक्षणाला आता सगळ्या घराचा पाठिंबा होता. विरोध करणारे एक तर वारले होते, नाहीतर त्यांचं मत मागच्या तारखेपासून बदललं होतं. एवढा पाठिंबा असताना आपण त्या वेळी पत्र्याची ट्रंक घेऊन रडत रडत एसटीत का बसलो होतो, हे त्यांना उलगडेना.

पण आजची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. लग्न केलं नाही, घर घेतलं नाही. विद्यापीठाच्या आवारातली ती क्वार्टर म्हणजेच घर, आणि ती आता सोडायची. त्यांच्या विभागातले एक सहकारी असेच "घर तुमचंच आहे" ऐकून निवृत्तीनंतर भावाकडे राहायला गेले, आणि पुढच्या दिवाळीच्या आत कल्याणला भाड्याची खोली शोधत फिरताना दिसले. त्यांना तोंडावर कोणी काही बोललं नव्हतं. फक्त एक दिवस त्यांची खुर्ची पडवीतून गोठ्याकडे गेली. सरिताताईंना आपल्या खुर्चीची वाट पाहत बसायचं नव्हतं. आपण इथे खरोखर हव्या आहोत का, एवढं त्यांना एकदाच, खरं, कळायला हवं होतं.

आणि खरं कसं काढायचं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांची सगळी कारकीर्द याच पडवीतून सुरू झाली होती. पीएच.डी.च्या दिवसांत त्या कागद घेऊन गावात घरोघर हिंडल्या होत्या. प्रश्न होता: सरकारी जंगलातलं लाकूड कधी विनापरवाना आणलंय का? गावानं एकमुखानं "नाय" सांगितलं. त्यांच्या वडिलांनी, आप्पांनीही सांगितलं, आणि ते सांगत होते तेव्हा त्यांच्या डोक्यावर छताला सागाचं असं तुळवट होतं की एका माणसाच्या कवेत मावणार नाही. मग सरिताताईंनी नाण्याची युक्ती काढली. आडोशाला जाऊन नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे मिटून "हो" म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. कोणाचं "हो" छाप्याचं आणि कोणाचं लाकडाचं, हे विचारणाऱ्याला कधीच कळत नाही. पण सगळ्यांची उत्तरं एकत्र केली की निम्म्या माणसांचे "हो" छाप्याच्या नावावर टाकता येतात आणि उरलेलं गावाचं खरं बाहेर येतं. आलंही. तो निबंध पहिल्यांदा "नमुना लहान आहे" म्हणून परत आला, दुसऱ्यांदा छापला गेला, आणि सिद्धगडाखालचं गाव कुठल्या कुठल्या देशांतल्या वर्गांमधून शिकवलं जाऊ लागलं. गावाचं नाव मात्र त्यांनी कुठेही लिहिलं नाही. तुळवट अजून डोक्यावर आहे.

पुढं त्या विभागप्रमुख झाल्या. एकदा त्यांनी आपल्याच विभागात हीच युक्ती करून विचारलं, की परीक्षेच्या उत्तरपत्रिका तुम्ही शेवटपर्यंत न वाचताच गुण देता का. जे उत्तर आलं त्यानंतर सहा महिने त्यांच्यासोबत कोणी चहा घेतला नाही. त्यांना वाईट वाटलं, पण आकडा त्यांनी बदलला नाही. आयुष्यात एकही आकडा बदलला नाही, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता.

"आत्या, तू तुझा सर्वे कर ना," आदेश म्हणाला. ज्ञानेश्वरचा हा मुलगा वाशिंदला कारखान्यात होता आणि आत्याचं पुस्तक न वाचता तिचा फार मोठा चाहता होता. "तो नाण्याचा. सगळे हायेत इथं. काका, चुलतभाऊ, सगळी भावकी जेवायलाच थांबलीये. एकदाचं क्लिअर होऊन जाईल."

"नाणं नाय उडवायचं," आतून अनिताचा आवाज आला. दूध नसलं तरी तिचं सगळं लक्ष बाहेर होतं. "यांनी मटका सोडला तेव्हा शपथ घातलीये. या घरात नाणं उडणार नाय."

ज्ञानेश्वरनं खाली बघितलं. शपथ खरी होती.

"मग दोन रंगांचे दाणे घेऊ," सरिताताई म्हणाल्या. "एकाच जातीचे. हाताला फरक कळता कामा नये."

अनितानं डब्यातले वाल दिले. निम्मे रंगवायचे होते, आणि घरात रंग म्हणून जे होतं ते देव्हाऱ्यातलं कुंकू. तेही अनितानंच आणून दिलं. सरिताताईंनी कुंकू पाण्यात कालवलं, त्यात निम्मे वाल भिजवले आणि अंगणात पाटावर वाळत घातले. मेच्या उन्हात ते जेवणं होईपर्यंत वाळले. लाल आणि कोरे दाणे एका तांब्यात मिसळले गेले, वर फडकं बांधलं, आणि एकट्यानं बसायला माजघराइतकी दुसरी जागा नव्हती म्हणून तांब्या माजघरात ठेवला. माजघरात देव्हारा होता. थोड्या वेळानं सरिताताईंनी डोकावून पाहिलं तर तांब्या पाटावर, पाटाखाली रांगोळीची रेघ आणि बाजूला तेवती समई. आत अंधार असतो म्हणून काकूंनी दिवा लावला असेल, असं त्यांना वाटलं. एवढी हुशार बाई, पण तिला एवढंच वाटलं.

त्यांनी सगळ्यांना पडवीत बसवून नीट समजावलं. "प्रश्न एकच: सरितानं या घरात कायमचं राहायला यावं का? आत जायचं, एक दाणा उचलायचा, मुठीत ठेवायचा. लाल आला तर विचार करायचा नाही, बाहेर येऊन मला 'हो' सांगायचं. कोरा आला तर मनात असेल ते खरं सांगायचं. दाणा कोणाला दाखवायचा नाही. नंतर तो तांब्यात परत टाकायचा."

"लाल म्हणजे हो," काकूंनी घोकलं.

"बरोबर."

"अन् कोरा म्हणजे..."

"कोरा म्हणजे तुमच्या मनातलं, काकू."

काकूंनी मान हलवली. सगळ्यांनीच हलवली, फार गंभीरपणे, आणि पायातल्या चपला काढल्या. ज्ञानेश्वर नळावर जाऊन हातपाय धुऊन आला. सरिताताईंना त्या शिस्तीचं कौतुक वाटलं. विद्यापीठात असं कोणी मनावर घेत नव्हतं.

एकेक जण आत जाऊ लागला. सरिताताई पडवीच्या टोकाला लग्नपत्रिकेच्या पाठीवर रेघा ओढत बसल्या. ज्ञानेश्वर बाहेर आला तो हात जोडूनच. "हो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते. आदेशनं "हो" म्हणून अंगठा वर केला. मग त्याची बायको अक्षदा आली. ही पोरगी दर आठवड्याला आत्यांना घरच्या जेवणाचे फोटो पाठवायची. ती मान खाली घालून म्हणाली, "नाय."

सरिताताईंनी रेघ ओढली.

कोंडूमामा बाहेर आले ते खुलून. "नाय," त्यांनी जोरात सांगितलं. मग भावकीतले दोघे-तिघे आले, काही "हो", काही "नाय". हौसाकाकूंनी तर दारातच हुंदका दिला. "नाय गो, सरे," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला धरून खाटेवर जाऊन पडल्या.

सगळ्यात शेवटी अनिता गेली. ती आत बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा तिची मूठ घट्ट होती, ओठ त्याहून घट्ट.

"नाय," ती म्हणाली, आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

सरिताताईंनी रेघांकडे पाहिलं. दाणे निम्मे लाल, म्हणजे निम्म्या माणसांचे "हो" तर नुसत्या लाल दाण्यांचेच यायला हवे होते. त्यांच्यावर जे येतील ते प्रेमाचे. इथे "हो" निम्म्याहूनही कमी होते. त्यांच्या सूत्रात ही संख्या घातली तर या घरात त्या हव्या असणाऱ्यांचं प्रमाण शून्याच्याही खाली जात होतं. नमुना लहान असला की असं होतं, हे त्या वर्गात दरवर्षी शिकवत आल्या होत्या आणि मुलं हसायची. आज त्यांना कळलं की नकोसं होण्यालाही एक सीमा असते, आणि ती ओलांडणारी या तालुक्यातली पहिली बाई आपणच.

"आत्या, रिझल्ट काय?" आदेशनं विचारलं.

"नंतर सांगते," त्या म्हणाल्या, आणि घराच्या मागं फणसाखाली जाऊन धुण्याच्या दगडावर बसल्या. तिथे त्यांना रडू आलं. विभागप्रमुख असताना त्या कधी रडल्या नव्हत्या, निबंध परत आला तेव्हाही नाही. पण काकूंचं "नाय" त्यांना फार लागलं. लहानपणी काकूंच्याच कुशीत झोपल्या होत्या त्या. खरं कळायला हवं म्हणून हट्ट धरला, आणि आता कळलं तर त्याचं काय करायचं ते कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

थोड्या वेळानं काठी टेकत काकूच आल्या.

"सरे, माझ्यावर राग धरू नको गो. मी हात घातला तेव्हा बोलले पण, आई माझे, लाल दे. तरी कोराच आला. मी काय करू?"

सरिताताईंनी डोळे पुसले. "काकू, कोरा आला तर मनातलं सांगायचं होतं."

"मनातलं?" काकूंना तो बावळटपणा वाटला. "देवीपुढं बसून आपल्या मनातलं कोण सांगतो? देवी सांगल ते खरं. कुंकू लागलेला दाणा म्हणजे तिनं हो दिला. कोरा म्हणजे नाय दिला. जन्मभर कौल लावत आलो आमी, तू काय आज शिकवतेस?" त्यांनी पदराची गाठ सोडली. आत कोरा वाल होता. "हा उद्या गावदेवीला नेऊन ठेवते, अन् पुन्हा मागते. एकदा नाय बोलली तर तिला पुन्हा विचारता येतं."

सरिताताई उठल्या आणि भराभर माजघरात गेल्या. समई होती, रांगोळी होती, कोणीतरी जास्वंदाचं फूलही वाहिलं होतं. एकही दाणा परत तांब्यात पडला नव्हता. देवीचा कौल कोण परत टाकील?

त्या तिथेच पाटाजवळ बसून हसायला लागल्या. आवाज ऐकून आदेश आत आला.

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं दोन्ही चालतं, आत्या," आदेश म्हणाला. "सर्वे पण, कौल पण."

बाहेर पडवीत तर कौलाचा निकाल लागूनही गेला होता. ज्ञानेश्वर आपला तळहात सगळ्यांना दाखवत होता. मुठीतल्या घामानं लाल दाण्याचं कुंकू सुटलं होतं आणि तळव्यावर ठसठशीत डाग पडला होता. ज्यांनी ज्यांनी "हो" म्हटलं होतं त्या सगळ्यांचे तळहात तसेच लाल होते, आणि "नाय" वाल्यांचे कोरडे. कोंडूमामा स्वच्छ तळहात उंच करून सांगत होते की देवीनं पोरीला तानशाकडं धाडायचं ठरवलंय. अक्षदा कोपऱ्यात रडत होती, कारण तिला आत्या यायला हव्या होत्या आणि देवीनं तिचं ऐकलं नव्हतं. सरिताताईंनी तिला जवळ घेतलं. चाळीस वर्षं गुप्ततेचं शास्त्र शिकवून आपण कुंकू वापरलं, याची त्यांना मनातल्या मनात फार लाज वाटली. त्यांच्याच परीक्षेत त्या नापास झाल्या असत्या.

तेवढ्यात अनिता त्यांच्यासाठी कोकमचं सरबत घेऊन आली. पेला पुढे केला, आणि सरिताताईंची नजर सवयीनं तिच्या तळहातावर गेली. तळहात लाल होता.

त्यांनी पेला घेतला, तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"हाताला काय लागलंय?"

"मिरची वाटत होते."

"वाटण मिक्सरमध्ये केलंस. मी आवाज ऐकला."

अनितानं हात पदराला पुसला. डाग गेला नाही. मग तिनं पुसायचं सोडून दिलं.

"हो. लाल आला होता. देवीनं हो दिला, तुमच्या नियमात पण हो बोलायचं होतं. तरी मी नाय बोलले. लग्न होऊन आल्यापासून देवीला पहिल्यांदाच आडवी गेले. आता काय व्हायचं ते होवो."

सगळ्या गावकीत, सगळ्या भावकीत, पडवीभर पडलेल्या उत्तरांमध्ये हे एकच उत्तर खरं होतं, आणि ते त्यांच्या विरुद्ध होतं.

"का गो?"

"तुमी आल्या की मी पाव्हणी होते, ताई," अनिता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. बरेच दिवस तयार असलेलं बोलणं होतं ते. "घर माझं, अन् मीच विचारत फिरते, ताईला पंखा हवा का, ताईला भाकरी चालंल का. माळ्यावरच्या ताटल्या खाली निघतात. तुमी गेल्यावर तुमचा भाऊ आठ दिस बोलत राहतो, ताई असती तर असं केलं असतं, ताई असती तर तसं केलं असतं. दोन दिस मी हसून करते. कायमचं कोण करंल? अन् तुमी बघता."

"काय बघते मी?"

"सगळं. बोलत काय नाय. पण बघता अन् मोजता. मी भाजीत मीठ टाकते ते पण बघता."

"मी कशाला मीठ बघू?" सरिताताई म्हणाल्या. मग थांबल्या. आयुष्यात आकडा बदलला नव्हता त्यांनी. "तू दोनदा टाकतेस."

अनितानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं, आणि मग तिला हसू फुटलं. दाबायला गेली तर जास्तच फुटलं. सरिताताईही हसल्या.

"मग मी मामांकडे जाऊ?"

"मामा रोज रात्री चपलांची गोष्ट सांगतील."

"ते तर आहेच."

अनितानं ओट्यावरची परात उगाच उचलली आणि उगाच दुसरीकडे ठेवली. "यायचं तर या. पण वेगळी चूल मांडा."

सरिताताईंना धक्काच बसला. या घरात वेगळी चूल एकदाच मांडली गेली होती, आप्पांचं आणि थोरल्या चुलत्यांचं फाटलं तेव्हा. मधे भिंत आली, आणि दोन्ही भाऊ एका विहिरीवर तोंड फिरवून पाणी भरत राहिले. त्या भिंतीचा अर्धा भाग अजून अंगणात उभा होता आणि त्यावर आता दोडक्याचा वेल चढला होता.

"इथं वेगळी चूल म्हणजे भांडण समजतात, अनिता."

"भांडण व्हायला नको म्हणून तर बोलते. पडवीच्या बाजूची खोली घ्या, खतांच्या गोण्या काढून देते. तुमच्या खोलीत तुमी, माझ्या घरात मी. तुमी तुमचं शिजवा, मीठ मोजून टाका. अन् मला वाटलं की मी येईन तुमच्याकडं चहाला. तुमी मला ताटलीत काय तरी द्या. बसा म्हणा. एवढ्या वर्षांत मला या घरात कोणी बसा बोललं नाय."

सरिताताईंनी सरबताचा पेला तिच्या हातात दिला, स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "बस."

अनिता बसली. सरबत अर्धं पिऊन म्हणाली, "साखर कमी पडलीये," आणि उरलेलंही पिऊन टाकलं.

दोघी बाहेर आल्या तेव्हा पडवीत ज्ञानेश्वर आणि मामा तळहात समोरासमोर धरून वाद घालत होते.

"सगळी उत्तरं रद्द," सरिताताईंनी सांगितलं. "प्रयोग फसला. चूक माझी."

"कौल रद्द?" ज्ञानेश्वर उठून उभा राहिला. "ताई, देवीचा कौल कसा रद्द करतेस?"

"कौल नव्हता तो," अनिता म्हणाली. "वाल होते, माझ्या डब्यातले. ताई इथंच राहणार. बाजूच्या खोलीत. वेगळ्या चुलीवर."

मग काकूंनी गळा काढला, की माझ्या देखत या घरात पुन्हा चूल फुटली. ज्ञानेश्वर बहिणीकडे आणि बायकोकडे आळीपाळीनं बघू लागला. "गावात तोंड कुठं दाखवू? बहीण आली अन् पहिल्याच दिवशी हिनं वेगळी काढली, असं बोलतील लोक."

"बोलू देत," सरिताताई म्हणाल्या. "मीच मागितलीये."

हे खोटं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी दिलेलं पहिलं खोटं उत्तर, आणि ते त्यांनी अगदी सहज दिलं. अनितानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर धरला.

"भांडण झालंच असंल तर माझं घर हाय," मामा आशेनं म्हणाले.

"दर महिन्याला येईन, मामा. चार दिवस राहीन. जेवायला समोर बसेन."

मामांनी करवंदांची परडी पायानं थोडी पुढं सरकवली. "समोर बसायचं मी कधी बोललो?" ते पुटपुटले, पण परडी सरिताताईंच्या पुढ्यात ठेवूनच ते आत झोपायला गेले.

उन्हं कलल्यावर दोघीजणी बाजूच्या खोलीत शिरल्या. युरियाच्या गोण्या, फवारणीचा पंप, पावसात डोक्यावर घ्यायची आप्पांची मोडकी इरली. एकच खिडकी, तिच्यातून सिद्धगड दिसत होता. सरिताताईंनी दाराजवळच्या भिंतीवर हात ठेवला. "इथं ओटा घालू या. वारा चांगला येतो."

"इथं नको," अनिता म्हणाली. "फोडणीचा वास सगळा माझ्या माजघरात येईल. तिकडं घाला, खिडकीखाली."

"खिडकीखाली दुपारचं ऊन येतं."

"मग ऊन सोसा."

सरिताताईंनी तिच्याकडे पाहिलं. ती पाठमोरी होऊन पायानं एक गोणी सरकवत होती. तिच्या दृष्टीनं त्यात विशेष काही नव्हतं. पण या घरात एवढ्या वर्षांत सरिताताईंना कोणी "नको" म्हटलं नव्हतं, आणि त्या शब्दानं त्यांना फार आनंद झाला. मग त्यांनी गोणीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून खिडकीखालची जागा मोकळी केली.